एका विशेषणाचा वैताग

कोशताईंना वैतागलेलं पाहायचं असेल तर फार खटाटोप करावा लागत नसे. त्यांच्या टेबलापाशी जाऊन ‘हा शब्द तर अगदी सोपा आहे’ एवढं म्हटलं की पुरे. ज्याला शब्द सोपा वाटतो त्याने तो नीट पाहिलेलाच नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत त्या चष्मा कपाळावर सारून, समोरच्याचा चहा पार गार होईपर्यंत ऐकवत.

आमची कचेरी टायरच्या दुकानाच्या वर होती. दुपारी ऊन तापलं की खिडकीतून रबराचा वास येई आणि खाली कुणी हवा भरायला लागलं की आमच्या टेबलांवरचे कागद थरथरत. शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दकोश काढायचा, हे आमचं काम. ताई नोंदी लिहीत, मी मुद्रितं तपासत असे आणि आतल्या खोलीत संपादक बसत. संपादक वयाने ताईंपेक्षा बरेच मोठे, पण तेही त्यांना ताईच म्हणत. सगळेच म्हणत. आईवडिलांची त्या एकुलती एक मुलगी, आणि चुलत-मावस भावंडांत सगळ्यांत थोरल्या. त्यामुळे बोलता यायच्या आधीपासून त्या ताई होत्या. लग्न केलं नव्हतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आता त्या आणि त्यांची आई. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या आयुष्यात आता नवीन काही होण्यासारखं नाही, असं त्या स्वतःच म्हणत, आणि त्यात त्यांना बराच आराम वाटत असावा.

कोशाची दुसरी आवृत्ती निघायची होती तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेतल्या बाईंनी संपादकांना फोन करून तक्रार केली. आमच्या कोशात ‘न्यूफाउंड’ या विशेषणाचा अर्थ ‘नवीन शोधलेले’ असा छापला होता, आणि तो वाचून वर्गातल्या मुलांनी वाक्यं केली होती. आमच्या घरी न्यूफाउंड फ्रिज आला. आजोबांनी न्यूफाउंड दात बसवले. एकाने तर लिहिलं होतं, माझी न्यूफाउंड चप्पल हरवली. बाईंचं म्हणणं होतं की मुलांना शून्य गुण द्यावेत की शब्दकोशाला, एवढंच आधी सांगा.

संपादकांनी ती नोंद ताईंकडे सोपवली. दोन ओळींत बसवा, एखादं उदाहरण द्या आणि संपवा, म्हणाले. पुढची पानं खोळंबली होती.

ताईंनी पहिल्या दिवशी ‘नवीन सापडलेले’ लिहिलं आणि स्वतःच खोडलं. सापडतं ते हरवलेलं, त्या मला म्हणाल्या. किल्ली सापडते, चोर सापडतो. माणसाला नवा आत्मविश्वास आला तर तो काय कपाटामागे पडला होता? मग ‘शोध लागलेले’ लिहिलं. ते ग्रहाला चालत होतं, समुद्राच्या तळाशी दिसलेल्या माशालाही चालत होतं. पण मैत्रीचा शोध लावणारा शास्त्रज्ञ कोण, असं म्हणून तेही बाद केलं. ‘नव्याने मिळालेले’ लिहिलं तर नव्याने म्हणजे पुन्हा, आधी होतं आणि मध्ये गेलं होतं, असाही अर्थ निघतो. शेवटी वैतागून त्यांनी ‘नवलब्ध’ लिहून दिलं. संपादकांनी तो कागद परत पाठवला आणि निरोप दिला की हा शब्द कळायला पोरांना आणखी एक शब्दकोश घ्यावा लागेल.

त्याच आठवड्यात कचेरीच्या फोनवर ताईंसाठी एका बाईचा फोन आला. मी समोरच होते. ताईंनी एक मिनिट ऐकलं, ‘राँग नंबर’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडची बाई त्यांना त्यांच्या वडिलांविषयी सांगत होती, हे मला नंतर कळलं: त्यांच्या डाव्या टाचेवरचा व्रण, पेपर वाचून झाला की त्याची बोटभर रुंदीची घडी करून खिशात घालायची सवय, गरम दुधाचा तिटकारा. आणि मग ती म्हणाली होती की मी तुझी थोरली बहीण.

ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ताईंनी उभ्याउभ्याच विचारलं. आईने शेंग मोडली, दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाली, “हो, होती एक. केला का तिने शेवटी फोन?”

हकिगत अशी निघाली. ताईंच्या वडिलांचं आधी एक लग्न झालं होतं. ते टिकलं नाही. पहिली बायको तान्ही मुलगी घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. कागदोपत्री सगळं मिटलं आणि काही वर्षांनी वडिलांनी ताईंच्या आईशी लग्न केलं. ती मुलगी याच शहराच्या दुसऱ्या टोकाला वाढली. तिच्या आईला या घराचं नावही चालत नसे, म्हणून आई जिवंत असेपर्यंत ती इकडे फिरकली नाही. आता आई गेली होती, आणि तिने फोन उचलला होता.

“आणि तुला हे सगळं माहीत होतं?” ताईंनी आईला विचारलं.

आई म्हणाली, माहीत होतं, पण तू कधी विचारलंच नाहीस. हे ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली पेन्सिल मोडायची बाकी होती. मुलीने आईला काय विचारायचं, त्या म्हणाल्या, की बाबांची आणखी एखादी मुलगी पडलीय का कुठे?

त्या रविवारी थोरली त्यांच्या घरी आली. ती मोटार शिकवण्याचा क्लास चालवत असे. बुटकी, रुंद, काळा चष्मा डोक्यावर चढवलेला आणि आवाज असा की शेजारचं कुत्रं उठून बसलं. आयुष्यभर घाबरलेल्या लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाब, ब्रेक दाब असं सांगत आल्याने तिला हळू बोलणं जमतच नसे. ती आली आणि थेट वडिलांच्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे आधी ती खुर्ची पुढे घेतली, मग जरा मागे, मग पाठ टेकून पाहिली. ताईंना तिने एकदा वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, “धाकटे, तू फार वाळलीस.”

ताईंना जन्मात कुणी धाकटी म्हटलं नव्हतं. त्यांनी अहो-जाहो सुरू केलं, ते अंतर ठेवायला. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही. ती यांना अगं-तूगं करत राहिली आणि त्यांच्या आईला मावशी म्हणू लागली.

मग दर रविवार असाच. थोरली स्वयंपाकघरात शिरे आणि डबे हलवी, कारण तिच्या मते चहाचा डबा हाताशी हवा आणि मिठाचा लांब चालतो. सोमवारी ताईंच्या चहात कधी मीठ पडे, कधी चहाच सापडत नसे. आईने मात्र कमालच केली. ताईंनी केलेली कुठलीही भाजी आजवर नावं ठेवल्याशिवाय न खाल्लेली ही बाई थोरलीने करपवलेलं ऑम्लेट आवडीने खाऊ लागली. दोघी पत्ते खेळत. दोघी लबाडी करत आणि पकडल्या गेल्या की एकमेकींची बाजू घेत. ताई आतल्या खोलीत दार लोटून न्यूफाउंडची नोंद लिहायला बसत आणि बाहेरून आईचं हसू ऐकू येई. आईला असं हसता येतं हेही मला बाहेरच्या बाईकडून कळावं, असं त्या म्हणाल्या.

सोमवार सकाळ म्हणजे आमच्याकडे तक्रारवार झाला होता. मी मुद्रित बाजूला ठेवून ऐकत असे. संपादकांच्याही कानावर सगळं गेलं होतं. एकदा ते बाहेर आले आणि अगदी निरागसपणे म्हणाले, उदाहरणाचं काय एवढं अडलंय, न्यूफाउंड बहीण असं लिहा की, वापर अचूक आहे. ताईंनी चष्मा कपाळावर सारला. संपादक परत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यातच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता. त्यानंतर तपासण्यांसाठी दवाखान्यात खेपा घालाव्या लागणार होत्या, आणि थोरलीने जाहीर केलं की धाकटीला गाडी आलीच पाहिजे. ते टाळण्यासाठी ताईंनी सगळं केलं. वय सांगितलं, चष्म्याचा नंबर सांगितला, कामाचा ढीग सांगितला. संध्याकाळी कचेरी सुटली की खाली टायरच्या दुकानासमोर छपरावर ‘शिकाऊ’ची पाटी लावलेली गाडी उभी असे आणि थोरली हॉर्न वाजवत बसे. सगळी गल्ली वर पाहू लागे, त्यामुळे ताईंना उतरावंच लागे.

माझं घर त्याच वाटेवर. एका संध्याकाळी थोरलीने मलाही मागच्या सीटवर बसवून घेतलं. ताईंनी माझ्याकडे आरशातून असं पाहिलं की मी उतरायच्या बेतात होते, पण तोवर गाडी हलली होती. ती गाडी क्लासची, म्हणजे थोरलीच्या पायाखालीही एक ब्रेक होता, आणि तो ती मनाला येईल तेव्हा दाबे. ताईंनी दाबायच्या आधीच गाडी थांबे. त्याने त्या अधिकच चिडत. दोन चौक गेल्यावर थोरलीने विचारलं की तू एवढ्यात कुठल्या शब्दावरून झोप उडवून घेतलीयस, मावशी सांगत होती.

ताईंनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. शब्द, मुलांची वाक्यं, संपादकांनी परत पाठवलेली नोंद. आणि मग, माझ्या मते केवळ टोचायला म्हणून, म्हणाल्या की इंग्रजीत तुमच्यासारखीला न्यूफाउंड बहीण म्हणतात. म्हणजे इतके दिवस नव्हती आणि अचानक उपटली.

थोरलीने काळा चष्मा काढला. तिला राग आला असं मला वाटलं, पण ती पहिल्यांदाच हळू बोलली.

“मी कशी न्यूफाउंड? मला तू पहिल्यापासून माहीत आहेस. तू सातवीत होतीस तेव्हा मी तुझ्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहून तुला पाहिलंय. एक वेणी सुटलेली होती आणि तू चालता चालता पुस्तक वाचत होतीस. तुझ्यासाठी मी नवी असेन. माझ्यासाठी तू जुनीच आहेस.”

गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. ताईंनी किल्ली फिरवली, गाडीने एक आचका दिला आणि पुन्हा बंद पडली. थोरलीने हात लांबवून गिअर न्यूट्रलला आणला आणि तशीच बोलत राहिली, जणू मागचे हॉर्न दुसऱ्या कुणासाठी वाजत होते. वडील तिला अधूनमधून भेटत असत, ती म्हणाली, बसस्थानकाच्या कँटीनमध्ये. फार बोलत नसत. तिला काही खायला घालत आणि स्वतः पेपर वाचत. पण धाकटीविषयी विचारलं की बोलत. धाकटी एखाद्या शब्दाच्या मागे लागली की जेवायचं विसरते, अशी माणसं लाखात एक, असं त्यांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. “मला अगदी कंटाळा यायचा तुझा,” ती म्हणाली.

ताई म्हणाल्या, “मला ते फक्त म्हणायचे की डोळे खराब करून घेशील.”

मग त्यांनी गाडी सुरू केली आणि मला घरापाशी सोडलं. उतरताना पाहिलं तर ताईंचे डोळे कोरडे होते आणि नाकपुड्या फुगलेल्या. त्या कुणावर चिडल्या होत्या ते त्यांनाच ठाऊक, बहुधा वडिलांवर. ते आता भांडायच्या पलीकडे गेले होते, आणि ही गोष्ट ताईंना कधीच पटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी कचेरीत येऊन बसल्या होत्या. नोंद तयार होती. न्यूफाउंड, विशेषण: पूर्वी नसलेले, किंवा असूनही आपल्याला ठाऊक नसलेले, आणि आता नुकतेच लाभलेले वा कळलेले. पुढे खुलासा, की हे विशेषण नामाच्या आधी येतं. आत्मविश्वास, स्वातंत्र्य, मैत्री, नातं यांसाठी वापरतात, आणि नुकत्याच शोध लागलेल्या ग्रहासाठी किंवा प्राण्यासाठीही. बाजारातून आणलेल्या वस्तूंसाठी वापरत नाहीत.

संपादकांनी वाचलं, मान डोलावली आणि कात्री चालवली. बाजाराचं वाक्य उडवलं, खुलासा निम्मा केला. तिथवर ताईंनी चालवून घेतलं. मग संपादकांनी ‘आपल्याला’ या शब्दावर काट मारली. असूनही ठाऊक नसलेले, एवढं पुरे, म्हणाले. कुणाला ठाऊक नाही ते मुलं समजून घेतील. ताई उठून उभ्या राहिल्या. सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे, त्या म्हणाल्या. वस्तू नवी नसते, ती ज्याला आत्ता कळली त्याच्यापुरती नवी असते, आणि ज्याला ती आधीपासून ठाऊक होती त्याने हे विशेषण वापरायचंच नसतं. हे त्या इतक्या चढ्या आवाजात बोलल्या की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन वर काय झालं ते पाहून गेला. ‘आपल्याला’ राहिलं. त्याच्या बदल्यात संपादकांनी नात्याचं उदाहरण काढून ग्रहाचं ठेवलं, आणि का कुणास ठाऊक, त्याला ताईंनी हरकत घेतली नाही.

एवढ्यावर दोघी बहिणींचं गूळपीठ जमलं असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. थोरली डबे हलवतच राहिली. ताई वाहन परवान्याच्या परीक्षेत नापास झाल्या आणि थोरलीने तो आपल्या क्लासचा अपमान समजून महिनाभर त्यांना जास्तच पिदडलं. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या.

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. दवाखान्यातून घरी आणताना ताई गाडी चालवत होत्या, थोरली शेजारी आणि आई मागे, एका डोळ्यावर पट्टी. ताईंनी बोलता बोलता सहज म्हटलं की बाबांना एवढं लपवायचं काय होतं कळत नाही. सरळ सांगितलं असतं तर आम्ही दोघी लहानपणापासून भांडलो असतो.

मागून आई म्हणाली, “त्यांनी नाही लपवलं. लग्नाच्या वेळी मीच अट घातली होती, की या घरात त्या मुलीचा विषय निघता कामा नये. तुला सांगायचं ते दोनदा म्हणाले. मी नाही म्हटलं.”

ताईंनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. वळून आईकडे पाहिलं. आई पट्टी चाचपत होती. थोरली समोर पाहत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून ताईंना कळलं की हेही तिला आधीपासून ठाऊक होतं. पत्ते खेळता खेळता केव्हातरी आईने तिची माफी मागितली होती आणि तिने पान टाकत ‘असू दे मावशी’ म्हटलं होतं.

“आधी इंडिकेटर दे,” थोरली म्हणाली, “आणि गाडी कडेला घे. मग काय भांडायचं ते भांड.”

ताई भांडल्या नाहीत. त्यांनी आईशी बोलणंच सोडलं. जेवणाचं ताट समोर ठेवत, अंथरूण घालत, पण तोंडातून शब्द नाही. सोमवारी मी विचारलं तर मलाही म्हणाल्या की आमच्याकडे सध्या बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. ज्या बाईने बहीण पन्नास वर्षं दाबून ठेवली ती आता त्याच बहिणीबरोबर पत्ते खेळते, आणि ज्या बहिणीला दाबलं तिने माफ करूनही टाकलं. मग रागावायचं काम सगळं मी एकटीनेच का करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं. पण ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करूही दिलं नसतं.

अबोला मोडला तो डोळ्यांच्या थेंबांमुळे. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात थेंब घालायला सांगितले होते आणि थोरलीचा हात त्या कामाला धसमुसळा. ताईंनी पहिल्या दिवशी मुकाट्याने आईची हनुवटी धरून वर केली. आईने डोळा मिटला. थेंब गालावरून ओघळला. दुसरा नाकावर पडला. तिसऱ्या वेळी आईने ऐन क्षणी मान वळवली आणि बाटली ताईंच्या हातातून निसटून पलंगाखाली गेली. ताईंनी वाकून ती काढली, फडक्याने पुसली आणि आईच्या समोर उभ्या राहिल्या.

“वर बघ,” त्या म्हणाल्या. “आणि हलू नकोस, सांगून ठेवते.”

आईने वर पाहिलं आणि विचारलं की चहा कुठल्या डब्यात आहे ते तरी आता तुला माहीत आहे का, मला सकाळपासून मिळालेला नाही.